बिनडोळ्यांच्या खोलीतला डबा

किस्से डब्यांच्या झाकणांसारखे असतात. आपण मुद्दाम जपत नाही, तरी साठतात. मग एक दिवस मांडणीवरून सगळी झाकणं अंगावर कोसळतात आणि कुठलं कुठल्या डब्याचं, ते सांगता येत नाही. माझं तसंच झालंय. वय पंचाहत्तरीकडे झुकलेलं, रसायनशास्त्रातली डॉक्टरेट, रोह्याच्या कॉलेजात तीस-बत्तीस वर्षं शिकवलेलं. आणि मित्र भेटले की मी सांगतो काय, तर सुनेच्या डब्याच्या गोष्टी! त्याही जशा घडल्या तशाच सांगतोय की नाही, याची मला खात्री नाही. पण डबे मी भरले, एवढं नक्की.

आम्ही पेणला राहतो. मुलगा नितीन रोह्याला कंपनीत शिफ्टला जातो. सून मनीषा पेणमधल्याच एका गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करते. ती धरमतरच्या खाडीकडची, मिठागरात राबलेल्या घरातली. हात विलक्षण स्थिर. माझी पत्नी शैला माघात गेली. तोवर दोघांचे डबे तीच भरायची. तेरावं झालं आणि मनीषा म्हणाली, "बाबा, मी काम सोडते. घराकडं कोण बघणार?"

नेमकं त्याच वर्षी कारखान्याचे मालक नाना तिला डोळ्यांची आखणी देणार होते. गणपतीचं सोवळं, मुकुट, दागिने कोणीही रंगवेल; डोळे मात्र एकाच हातानं काढायचे. नानांचा हात आता थरथरायला लागला होता. श्रावणापर्यंत मनीषाचा हात बसला तर आखणी तिची, नाहीतर बाहेरून कारागीर आणायचा, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं.

मी म्हणालो, "सोडू नकोस. डबे मी भरतो."

"बाबा, तुम्हाला चहा तरी येतो का?"

"तत्त्वतः येतो."

ती हसली. तेराव्यानंतर घरात कोणी हसलं, ते पहिल्यांदा. श्रावणापर्यंत बघू, तुमची फार ओढाताण झाली तर मी घरी बसणार, असं तिनं बजावलं. म्हणजे तिची आखणी माझ्या डब्यावर येऊन ठेपली. त्या रात्री मला झोप लागली नाही.

* * *

पहिल्या दिवशी मनीषाचा डबा सकाळी आठला तयार व्हायला हवा होता. तो साडेबाराला झाला. मनीषा केव्हाच कामावर गेली होती. मग मीच तो घेऊन कारखान्यात गेलो.

दुपारचं ऊन पत्र्याच्या फटींतून आत येत होतं आणि त्या उजेडात प्लास्टरची धूळ हळूहळू तरंगत होती. पुढच्या दालनात रंगवलेले गणपती, मागच्या दालनात पांढरे, कच्चे. शेकडो. एकालाही डोळे नाहीत. सगळे एका दिशेला तोंड करून बसलेले, जणू कोणीतरी हाक मारण्याची वाट पाहताहेत. मी दारातच थबकलो. इथे मोठ्यानं बोलावं की नाही, असा प्रश्न पडला.

"सर, या की आत! इथंच बसायचं जेवायला," नाना म्हणाले. "पुढं नाय चालत. त्यांना डोळे झालेत. त्यांच्यासमोर खायचं तर आधी नैवेद्य दाखवायला पायजे. रोज एवढ्या जणांना कुठून दाखवणार? ह्यांना अजून दिसत नाय. ह्यांच्यात बसून खायचं."

मी म्हणालो, "पण शास्त्राप्रमाणे प्राणप्रतिष्ठा होईपर्यंत मूर्ती ही मूर्तीच..."

"ते तुमचं शास्त्र," नाना म्हणाले. "हितं डोळे झाले की तो बघतो."

मनीषानं डबा उघडायला घेतला. उघडेना. साचे ओतणाऱ्या दत्तानं जोर लावला. उघडेना. मुकुट रंगवणाऱ्या सुमनताईंनी झाकण जमिनीवर आपटून पाहिलं. डबा ढिम्म!

मला कारण लगेच कळलं. गरम भातावर मी घट्ट झाकण लावलं होतं. आतली वाफ थंड झाली, आतला दाब कमी झाला आणि बाहेरच्या हवेनं झाकण दाबून धरलं. हे मी त्यांना नीट समजावून सांगितलं. धुळीत बोटानं आकृतीही काढून दाखवली. दहाएक मिनिटं गेली असतील.

नाना शांतपणे म्हणाले, "सर, कारण कळलं. आता झाकण काढा."

शेवटी दत्तानं कानस घालून ते उचकटलं. सुमनताई म्हणाल्या, "मनीषा गो, सासऱ्यानं डबा दिलाय का बँकेचा लॉकर?"

* * *

नानांची शिकवण्याची पद्धत मी उभ्या आयुष्यात कुठल्या विद्यापीठात पाहिली नाही.

मनीषा रोज सकाळी एका लहानशा मूर्तीला सरावाचे डोळे काढायची. जेवणाच्या वेळी नाना ती मूर्ती उचलून आणायचे आणि आपल्या डब्यासमोर ठेवायचे. मग तिच्याकडे बघत बघत सावकाश जेवायचे. भाकरी, कांदा, वालाचं बिरडं. पोह्याचा पापड कुरुमकुरुम वाजवायचे. संपलं की हात धुवायचे आणि म्हणायचे, "अजून दिसत नाय ह्याला."

बस्स. कुठे चुकलं, ते सांगायचे नाहीत. मनीषा मूर्ती उचलायची, डोळ्यांवर पांढऱ्या रंगाचा हात मारायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा.

मला राहवलं नाही. एकदा विचारलं, "नाना, दिसायला लागलं, हे तुम्हाला कळणार कसं?"

पापड तोंडात तसाच धरून ते म्हणाले, "घास उतरायचा नाय."

मी घरी येताना त्यावर विचार करत होतो. आमच्याकडे परीक्षक पेपर तपासताना चहाबरोबर बिस्किटं खात. मीही खाल्ली आहेत. एकाही विद्यार्थ्यानं माझा घास अडवला नाही. दोष विद्यार्थ्यांचा होता की परीक्षकाचा, हे आता कोण सांगणार?

* * *

मग मला मोबाईलवर एक जपानी बाई सापडली. ती पहाटे उठून घरच्यांचे डबे भरते. बोलत काही नाही. कप्प्याकप्प्यांचा डबा, त्याला ती बेंटो म्हणते. त्यात एका कप्प्यात भाताचे गोळे, दुसऱ्यात गाजराची फुलं, तिसऱ्यात मटाराचे पाच दाणे. पाचच! मी ते बघत तासन् तास बसायचो. शैला असती तर म्हणाली असती, "बघत काय बसलाय, सोला!"

मी पेणच्या बाजारातून कप्प्यांचा डबा आणला. भाताचे गोळे वळायला घेतले, तर गोळा हातात उभा राहीना. आमचा तांदूळ मोकळा. सात दिवस प्रयोग केले, पाण्याचं प्रमाण वहीत लिहून ठेवलं. आठव्या दिवशी सुमनताईंनी ते ऐकलं.

"अवो सर, जुना तांदूळ घेतलात तर गोळा होईल का? नवा घ्या. नव्याचा भात चिकट होतो, हे पोराटोरांना पण माहीत हाय!"

माझ्या वहीत तांदळाच्या वयाचा रकानाच नव्हता.

नव्या तांदळाचा गोळा झकास बसला. हर्षाच्या भरात मी त्या बाईसारखं त्याला काळ्या तिळाचे दोन डोळे लावले. आणि तसा तो डबा बिनडोळ्यांच्या खोलीत उघडला गेला!

सगळे थांबले. शेकडो गणपतींना डोळे नाहीत आणि भाताच्या गोळ्याला आहेत.

"आता काय करायचं?" सुमनताई कुजबुजल्या. "हा बघतोय की!"

दत्तानं हातातला घास खाली ठेवला. मला आपल्या हातून काहीतरी भयंकर घडलंय, असं वाटलं. मनीषानं नानांकडे पाहिलं. नानांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, डबा उजेडात धरला, गोळा नीट न्याहाळला.

"डावा खाली आलाय," ते म्हणाले. "ह्याला दिसत नाय. खा!"

* * *

ज्येष्ठ महिन्यापर्यंत माझा हात बराच बसला होता. पहाटे पाचला उठून दोन्ही डबे भरायचे. नितीनचा डबा सहाच्या आत तयार, कारण त्याची गाडी. मनीषाचा मी दुपारी नेऊन द्यायचा. नितीनला सुकट, सोडे, असली सुकी मासळी लागते. कारखान्यात ते चालत नाही.

एके दिवशी कारखान्यात झाकण उघडलं आणि सोड्यांच्या कालवणाचा घमघमाट सुटला. गरम मसाला, कोकम, सगळं व्यवस्थित. आयुष्यात पहिल्यांदा मला कालवण जमलं होतं आणि ते गणपतींच्या मध्यभागी येऊन बसलं होतं! नितीन मनीषाचा डबा घेऊन रोह्याला पोचला होता.

मनीषानं डोक्याला हात लावला. दत्ता मात्र कालवणाकडे आशेनं बघत होता. म्हणाला, "नाना, ह्यांना डोळे नाय ना अजून. दिसणार कुठं त्यांना?"

नाना म्हणाले, "डोळे नाय, पण सोंड हाय ना!"

डबा घेऊन आम्ही दोघं रस्त्यापलीकडच्या बांधावर जाऊन बसलो. मी आणि दत्ता. त्यानं अर्धा डबा खाल्ला आणि कालवण चांगलं झाल्याचं सांगितलं. तो खाडीकडचा नाही, त्यामुळे हे मत कितपत धरावं, याबद्दल मी साशंक आहे.

संध्याकाळी नितीन आला. तिकडे त्याच्या डब्यातून गाजराची फुलं, भाताचे गोळे आणि काड्यांना टोचलेले काकडीचे तुकडे निघाले होते. खांब गावचा एक मित्र त्याला म्हणाला, "नित्या, बालवाडीत नाव घातलंस काय रे?"

पण नितीन रागावलेला दिसेना. हात धुता धुता म्हणाला, "बाबा, ती फुलं... पोरं म्हणत होती, परत कधी येणार?"

* * *

आता जे सांगतो, ते सांगताना मला अजून लाज वाटते.

आषाढ लागला होता. नाना मनीषाच्या मूर्तीसमोर जेवतच होते, पण हल्ली जरा हळू. पापड खाली ठेवून मूर्तीकडे बघायचे, मग परत उचलायचे. मग एक दिवस त्यांनी सांगितलं, "उद्या खऱ्या मूर्तीवर हात चालव. जेवण झालं की बस."

मला वाटलं, उद्या तिचा दिवस, काहीतरी विशेष द्यावं. तिच्या आईला फोन करून तिच्या आवडीच्या तांदळाच्या वड्यांची कृती घेतली. पहाटे तळले. टम्म फुगले! शैलाचेसुद्धा इतके फुगायचे नाहीत, असं वाटलं आणि लगेच वाईटही वाटलं.

मनीषानं पाच वडे खाल्ले. साबणानं हात धुतले. दीड हात उंचीची मूर्ती, रोह्याजवळच्या अष्टमी गावातल्या एका घरची ऑर्डर. तिनं उजव्या अंगठ्यानं डोळ्याच्या जागेवरची धूळ पुसली, डावा हात गणपतीच्या गालाला टेकवला, नजर स्थिर केली, ब्रश उचलला. पांढरा रंग टेकवला आणि तो पसरेचना! थेंब गोळा होऊन बसला. दुसऱ्यांदा टेकवला, सरकून गालावर ओघळला. तिच्या अंगठ्याचं तेल लागलं होतं.

नानांनी तिच्या हातून ब्रश काढून घेतला. मूर्ती घेतली, पॉलिश पेपरनं डोळा घासून काढला, पुसली. मग म्हणाले, "साबणानं वास जातो गो, तेल नाय जात. आठ दिवस उंदीर रंगव."

गणपतीच्या पायाशी बसणारे उंदीर. कारखान्यात नवीन येणाऱ्याला पहिलं काम तेच देतात. मनीषा मान खाली घालून उंदरांच्या फळीपाशी जाऊन बसली.

मला तिथं उभं राहवेना. मी नानांना गाठलं. "चूक तिची नाही. तेलकट मी दिलं. मला कळायला हवं होतं."

"तुम्हाला कसं कळणार? तुम्ही शिकलेले मास्तर. डॉक्टर कशात झालात तुम्ही?"

खोटं बोलावंसं वाटलं. पण बोललो नाही. "द्रव पदार्थ एखाद्या पृष्ठभागावर कसे पसरतात आणि का पसरत नाहीत, यात."

नानांनी हातातला पॉलिश पेपर खाली ठेवला.

"मग तुम्ही पण आठ दिवस उंदीर रंगवा," ते म्हणाले.

* * *

आणि मी रंगवले!

आठ दिवस सासरा आणि सून शेजारी शेजारी बसून उंदीर रंगवत होतो. बाहेर पत्र्यावर पाऊस, आत मंद उजेड, समोर फळीवर राखाडी उंदरांची रांग. त्या दिवसांत वेळ कुठे जायचा, मला कळायचं नाही. कधी वाटायचं, शैला मागच्या दालनात आहे, आत्ता चहाला हाक मारेल. मान वळवली की पांढरे गणपती.

तिसऱ्या दिवशी मी म्हणालो, "मनीषा, श्रावण आला. माझ्यामुळे तुझी आखणी जाणार."

ती उंदराच्या कानात गुलाबी रंग भरत होती. मान वर न करता म्हणाली, "बाबा, आई मिठागरात जायची ना, तेव्हा आजी तिच्या भाकरीबरोबरच्या चटणीत मीठ घालायची नाय. मी लहानपणी एकदा चाखली, थू केली. आजी म्हणाली, तुझ्या आईचे हात मिठाचे हायत, तिला बरोबर लागेल."

आणि पुढच्या उंदराला हात घातला.

मी हातातला ब्रश खाली ठेवला. पाच महिने मी डब्यात काय घालायचं, एवढंच बघत होतो. त्या दिवशी घरी जाऊन मी वहीत एक नवा रकाना आखला: हात.

दुसऱ्या दिवसापासून डबा बदलला. तेल बंद. सगळं उकडलेलं, भाजलेलं, एका घासाचं आणि प्रत्येकाला एक काडी. घासाला बोट लावायचं नाही. सुमनताईंनी पाहिलं आणि म्हणाल्या, "सर, माझ्या सुनेची शिकवणी घ्या. तुमची फी देईन!"

पाचव्या दिवशी मी स्वतःच काडीऐवजी ब्रशचं मागचं टोक इडलीच्या तुकड्यात खुपसलं आणि खाल्लं. त्याला मुकुटातला लाल रंग लागला होता. पेणच्या बाजारातून घरी जाताना ओळखीचे लोक इतकं हसून नमस्कार का करताहेत, ते मला आरशात पाहिल्यावर कळलं.

* * *

उंदीर संपले, मनीषा परत सरावाचे डोळे काढायला लागली आणि नाना परत तिच्या मूर्तीसमोर जेवायला लागले. श्रावणात एक विचित्र गोष्ट व्हायला लागली. नाना थरथरत्या हातानं, मनगटाखाली दुसरा हात धरून, एकेका मूर्तीचे डोळे पुरे करत होते. डोळे झालेली मूर्ती पुढच्या दालनात जायची. त्यामुळे आमची जेवणाची जागा रोज लहान होत गेली. आधी अख्खं दालन होतं. मग अर्धं. मग भिंतीकडची एक बाजू. शेवटी खिडकीखालची एक फळी, तीवर सातआठ कच्चे गणपती आणि त्यांच्या पुढ्यात गुडघ्याला गुडघे लावून आम्ही पाच जण.

नानांनी बाहेरच्या कारागिराला फोन केल्याचं दत्तानं मला हळूच सांगितलं. सोमवारी येणार होता. मनीषाला ते माहीत होतं. तिनं घरी तो विषय काढला नाही. फक्त शनिवारी सकाळी निघताना म्हणाली, "बाबा, आज डबा साधाच द्या."

मी भाताचे गोळे केले, तीळ न लावता. भाजलेलं रताळं, उकडलेल्या शेंगांचे दाणे, काकडी. डब्याचं झाकण वाफ गेल्यावर लावलं. तीनदा उघडून पाहिलं.

मी पोचलो तेव्हा बाहेर पाऊस कोसळत होता. नाना, सुमनताई, दत्ता बसले होते. मनीषा आली. तिच्या हातात एक लहान मूर्ती होती. तिनं ती फळीवर कच्च्या गणपतींच्या मधोमध ठेवली, नानांच्या समोर. आणि माझ्या शेजारी येऊन डबा उघडला.

मी मूर्तीकडे पाहिलं नाही. धीर झाला नाही. मी नानांकडे पाहत होतो.

नाना सुमनताईंना कुठल्याशा टेंपोवाल्याबद्दल सांगत होते. बोलता बोलता त्यांनी माझ्या डब्यातला एक गोळा काडीनं उचलला. सवयीनं समोर पाहिलं. टेंपोवाल्याचं वाक्य अर्धंच राहिलं.

गोळा ओठांपाशी होता. तिथेच राहिला.

पत्र्यावर पाऊस वाजत होता. सुमनताईंनी मनीषाचा गुडघा घट्ट धरला. मनीषा आपल्या हातांकडे बघत होती.

नानांनी गोळा परत कप्प्यात ठेवला. काडी बाजूला ठेवली. माझ्या डब्याचं झाकण घेतलं आणि लावलं. मग स्वतःच्या डब्याचं लावलं. मग सुमनताईंच्या. दत्ता पापड चावत होता, तो त्यानं आवाज न करता गिळला.

नाना गुडघ्यावर हात टेकून उठले.

"चला," ते हळू आवाजात म्हणाले, "बाहेर पायरीवर बसू."

पायरीवर धो धो पाऊस होता. आम्ही डबे उचलले आणि निघालो.